मुलांच्या खोलीतली बुरशी: आधी पाणी शोधा, मग फडकं हातात घ्या

जुलै लागला की मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरी-सावंतवाडी-पणजीपर्यंत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुलांच्या खोलीत कुबट वास येतोय. कपाट जरा सरकवलं की मागे काळ्या-हिरव्या ठिपक्यांची रांगोळी. मुलांचीच खोली का, तर फ्लॅटमध्ये ती बहुधा कोपऱ्यातली असते, म्हणजे दोन भिंती बाहेरच्या. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना नुसता झोडपत असतो. आतल्या बाजूने कपाट, बॉक्स-पलंग, अभ्यासाचं टेबल असं सगळं त्याच भिंतींना चिकटवून बसवलेलं. त्यात पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद.

यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे खिडक्या उघडा, हवा खेळू द्या. हा सल्ला थंड देशांतला आहे. तिथे बाहेरची हवा गार, म्हणून तिच्यात पाणी कमी. ती आत येऊन तापली की कोरडी होते. आपल्याकडे भर पावसाळ्यात बाहेरच्याच हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते. तेव्हा खिडकी उघडून ठेवणं म्हणजे ओलावा आवतण देऊन घरात बोलावणं. म्हणून इथला क्रम वेगळा: पाणी कुठून येतंय ते शोधायचं, ते थांबवायचं किंवा निदान कमी करायचं, आणि मगच पुसापुशी. उलट क्रमाने केलं तर गणपतीपर्यंत ठिपके पुन्हा हजर.

मूल आधी, भिंत नंतर

बुरशी दिसली की पहिलं काम, मुलाचं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा. सफाई होऊन भिंत सुकेपर्यंत तिथेच झोपू दे. सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ, सतत चोंदलेलं नाक, रात्री वाढणारा कोरडा खोकला, छातीत घरघर, एक्झिमा बळावणं, यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना भेटताना घरात ओल आहे हे आठवणीने सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हे शब्द सगळ्यांच्या मनात धडकी भरवून गेले. तो आजार म्युकरमायकोसिस, तो ज्या बुरशीमुळे होतो ती वेगळ्या कुळातली. भिंतीवर काळी दिसते ती बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा अस्परजिलस जातीची. नुसत्या रंगावरून ती किती घातक हे ठरत नाही, आणि प्रयोगशाळेत तपासून घेण्यात पैसे घालवायची गरजही नसते. कुठलीही असली तरी काढायचीच आहे. अपवाद एकच: मुलाची प्रतिकारशक्ती औषधोपचारांमुळे किंवा आजारामुळे खालावलेली असेल, तर बुरशीच्या खोलीत त्याला पाऊलही टाकू देऊ नका.

दुसरं टोकही बरं नाही, ‘पावसाळ्यात ओल यायचीच’ म्हणून सोडून देण्याचं. इंग्लंडात रॉचडेल इथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा २०२० साली गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेला श्वसनाचा गंभीर विकार हे कारण २०२२ मध्ये तिथल्या मृत्युचौकशीत नोंदवलं गेलं, आणि पुढे सामाजिक घरांच्या (संस्थांनी कमी भाड्याने दिलेल्या घरांच्या) मालकांवर ठरावीक मुदतीत दुरुस्ती बंधनकारक करणारा कायदा त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. अशी टोकाची वेळ क्वचित येते, पण म्हणून महिनोन् महिने मुलाला त्या हवेत झोपवू नये.

पाणी कुठून येतंय?

सगळ्या कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच लोक गाळतात.

आधी ती खरंच बुरशी आहे का, ते बघा. भिंतीवर पांढरी, कापसासारखी किंवा मिठासारखी पावडर असेल तर तो लोणा असू शकतो, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर आलेले. त्यावर पाणी शिंपडलं की तो विरघळून दिसेनासा होतो. बुरशी विरघळत नाही, चिकट फासली जाते. लोणा आरोग्याला त्रासाचा नाही, पण भिंतीत पाणी मुरतंय याचा तो पक्का पुरावा.

आता डाग कुठे आहे ते नीट पाहा. जागा बरंच काही सांगते.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत डाग असेल तर आधी सरकत्या खिडकीची पट्टी तपासा. ॲल्युमिनियमच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. त्यांत धूळ, कबुतराची पिसं, मेलेल्या माश्या यांचा चिखल साचलेला असतो. पट्टी पाण्याने भरते आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी आतल्या भिंतीत उतरतं. टाचणीने किंवा बारीक तारेने ती भोकं मोकळी करा आणि पेलाभर पाणी ओतून बघा. बाहेर धार लागली पाहिजे. पाच मिनिटांचं, फुकटातलं काम आहे. भोकं मोकळी असूनही ओल राहत असेल तर चौकटीभोवतीचं सीलंट सुटलंय का आणि खिडकीच्या कट्ट्याचा उतार आत तर नाही ना, ते पाहायचं.

बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओल असेल आणि ती एप्रिल-मेमध्येही सुकत नसेल, तर पावसाचा संबंध नाही. एक तर भिंतीतला पाइप गळतोय किंवा बाथरूमच्या लादीतून पाणी झिरपतंय. नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भोकात) फडक्याचा बोळा घट्ट कोंबा, बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवा, त्यात कपड्याची नीळ टाका आणि एक दिवस राहू द्या. खोलीतला डाग पसरला, मग निळा झाला नाही तरी, दोष लादीच्या सांध्यांत किंवा ट्रॅपभोवती आहे. काहीच फरक पडला नाही तर प्लंबरला पाइपाकडे वळवा.

छताला गोल, पिवळट कडा असलेला डाग म्हणजे वरच्यांचं बाथरूम किंवा शेवटचा मजला असेल तर गच्ची. बाहेरच्या भिंतीवर मोठा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवसांनी डाग गडद होत असेल तर बाहेरून भेग. तळमजल्याच्या किंवा गावाकडच्या घरात जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल तर जमिनीतली ओल वर चढतेय. तिथे वरून रंग लावून काही होत नाही, जोत्याचं काम करावं लागतं.

राहिला तो प्रकार सर्वांत फसवा: कुठेही गळती नाही, तरी कपाटामागे आणि पलंगाच्या डोक्याकडे बुरशी. हे हवेतलंच पाणी. भर पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार झालेल्या कशावरही हवेतलं पाणी जमू लागतं. रात्रभर एसी २० वर चालवला, भिंती गार पडल्या, सकाळी एसी बंद करून ‘जरा मोकळी हवा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडली की त्या गार भिंतीवर दव पडलंच. गंमत म्हणजे एसी तुमच्या खोलीत असलाच पाहिजे असंही नाही. आई-बाबांच्या खोलीतला एसी मधली भिंत गार करतो आणि बुरशी पलीकडे, मुलांच्या खोलीत येते.

गळती की दव हे ठरत नसेल तर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घ्या. फूटभर चौकोन डागाजवळच्या, वरून पुसून कोरड्या केलेल्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा. एक-दोन दिवसांनी काढा. खोलीच्या बाजूला थेंब असतील तर पाणी हवेतलं. भिंतीच्या बाजूला असतील तर भिंतीतलं. दोन्हीकडे असेल तर, दुर्दैवाने, दोन्ही.

स्वतः करायचं की माणूस बोलवायचा

डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असेल तर घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल, पीओपीच्या फॉल्स सीलिंगच्या आत असेल, किंवा सांडपाण्याच्या पाइपातून आलेल्या पाण्यावर उगवलेला असेल तर माणूस बोलवा. घरात ज्याला दमा आहे त्याने हे काम करू नये, आणि गरोदर बाईनेही नाही.

इमारत जुनी असेल तर आणखी एक गोष्ट. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची बरीच शक्यता. अशी भिंत किंवा खिडकीची चौकट पॉलिश पेपरने कोरडी घासली की शिशाची धूळ खोलीभर होते, आणि लहान मुलं हात तोंडात घालतात. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही. जे काही खरवडायचं ते ओलं करूनच.

सफाई

कोरडा दिवस निवडा, पावसाची उघडीप असेल असा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल किंवा निदान चष्मा. पंखा आणि एसी बंद. पंखा चालू ठेवून भिंत घासली तर बीजाणू गाद्या-पुस्तकांवर जाऊन बसतात. दाराखाली ओला टॉवेल, खिडकी उघडी. खेळणी, कपडे, अंथरुणं आधी बाहेर काढा, जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं किंवा प्लॅस्टिक पसरा.

झाडू किंवा कोरडा ब्रश भिंतीला लावायचा नाही. स्प्रेच्या बाटलीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब घेऊन डाग आधी भिजवा. मग स्पंजने डागाच्या कडेकडून मधे पुसत या, नाहीतर डाग पसरतो. फडकं सारखं बदला. तेच फडकं बादलीत बुडवून पुन्हा फिरवलं तर बुरशीचं पाणी भिंतीला सारवल्यासारखं होतं. शेवटी स्वच्छ पाण्याचा हात आणि कोरडं फडकं. टाइल्स, काच, लॅमिनेट, ऑइलपेंट, खिडकीची चौकट यांना बहुधा एवढंच पुरतं.

डिस्टेंपर किंवा इमल्शनच्या भिंतीवर करडी छटा मागे राहते. तिथे मी हायड्रोजन परॉक्साइड वापरायला सांगेन. औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांचं करा, फवारा, दहा मिनिटांनी पुसा. रंग फिका पडू शकतो, म्हणून आधी कपाटाआडच्या कोपऱ्यात थोडं लावून बघा. लिक्विड ब्लीच टाइल्सच्या सांध्यांना ठीक, लिटरभर पाण्याला ६० मिलीपेक्षा जास्त नको. प्लास्टरच्या भिंतीला मात्र ते फारसं उपयोगाचं नाही: वरचा डाग पांढरा होतो, पाणी आत मुरतं आणि मुळं तशीच राहतात. शिवाय त्याचा वास मुलाच्या खोलीत दिवसभर रेंगाळतो. वापरलंच तर टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा अमोनियाचं काच-क्लीनर यांच्याबरोबर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. एका वेळी एकच औषध, आणि दुसरं लावायच्या आधी भिंत साध्या पाण्याने पुसून. व्हिनेगर संगमरवरी कट्ट्यावर पडलं तर चकाकी जाते, हेही लक्षात ठेवा.

पुट्टी फुगली असेल, पोपडे सुटले असतील, तर वरून पुसण्यात अर्थ नाही. ओलं करून पत्र्याने खरवडून काढा, थेट सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत, आणि डाग संपतो त्याच्या पुढे वीतभर. नव्या इमारतींत सिमेंटऐवजी जिप्समचा गिलावा असतो; तो भिजून मऊ पडला असेल तर तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. निघालेला कचरा पिशवीत गाठ मारून लगेच बाहेर.

आणि मग ती भिंत तशीच उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल. जुलै-ऑगस्टमध्ये पुट्टी-रंग करून देतो म्हणणाऱ्या पेंटरला चहा पाजून परत पाठवा.

गादी, पुस्तकं, खेळणी

कापसाची गादी वाचते: कडक ऊन, मग पिंजून घ्यायची, खोळ नवी. फोमच्या गादीत बुरशी आत गेली असेल तर ती टाकायची, कितीही महागाची असली तरी. आतून साफ होत नाही. उश्यांचंही तेच. गोधड्या आणि कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. सॉफ्ट टॉइज ६० अंशांवर धुता येत असतील तर धुवा, सुकल्यावरही वास राहिला तर टाका. लाडका टेडी असेल तर हे सांगणं सोपं, करणं अवघड, याची कल्पना आहे. अंघोळीच्या टबातली रबरी बदकं एकदा दाबून बघा. आतून काळं पाणी आलं तर सरळ केराच्या डब्यात, आणि नवी घेताना भोक नसलेली घ्या. पुस्तकं आधी सावलीत पंख्याखाली उभी करून सुकवायची आणि मग मऊ कोरड्या फडक्याने, घराबाहेर, पुसायची.

बॉक्स-पलंग उघडून बघितलाय का अलीकडे? पाहुण्यांच्या रजया, हिवाळ्याचे स्वेटर, सगळं हवाबंद, आणि खाली प्लायवूड. खोलीचा वास बऱ्याचदा तिथूनच येत असतो. पावसाळाभर तो अर्धा रिकामा ठेवा आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून पंखा लावा.

पावसाळाभर खोली कोरडी कशी ठेवायची

आधी डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, आणा. काहीशे रुपयांत मिळतो. त्यावरचा आकडा ६० टक्क्यांच्या आत ठेवता आला तर बुरशीला फारसा वाव राहत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तो ८० च्या वर दिसेल. खिडकी कधी उघडायची तेही त्यावरूनच कळतं: उघडल्यावर आकडा खाली येत असेल तर उघडी ठेवा, वर चढत असेल तर बंद.

खोलीतल्या ओलाव्याचा मोठा वाटा असतो वाळत घातलेल्या कपड्यांचा. मशीनमधून स्पिन होऊन निघालेल्या पाच-सहा किलो कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी उरलेलं असतं, आणि ते सगळं हवेतच जातं. मुलांच्या खोलीत पंख्याखाली दोऱ्या बांधण्याची आपली पद्धत मोडा. दुसरी जागाच नसेल तर एका खोलीत सगळे कपडे, दार बंद, आणि तिथे डिह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र). दाराच्या खुंटीवरचा ओला रेनकोट आणि भिजलेलं दप्तर यांनाही बाल्कनी किंवा बाथरूम दाखवा.

कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. शक्य असेल तर कपाट बाहेरच्या भिंतीवरून हलवून आतल्या भिंतीला लावा. या एका बदलाने अर्धा त्रास कमी होतो.

एसी असेल तर २६ च्या आसपास, पावसाळ्यात ‘ड्राय’ मोडवर. जाळी दर पंधरवड्याला धुवा, आणि पाण्याचा पाइप तुंबलेला नाही ना ते बघा. सकाळी एसी बंद केल्यावर लगेच खिडकी न उघडता आधी पंखा लावून खोली थोडी तापू द्या. डिह्युमिडिफायर घ्यायचा तर कॉम्प्रेसरचा घ्या, दिवसाला दहा लिटर किंवा जास्त पाणी काढणारा. स्वस्तात मिळणारी छोटी यंत्रं दिवसभरात जेमतेम वाटीभर पाणी काढतात; खोलीच्या हिशेबात ते काहीच नाही. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण त्यात साचणारं पाणी त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतं, म्हणून वरच्या फळीवर.

घरगुती उपायांबद्दल थोडं रोखठोक. कापूर आणि डांबर गोळ्या वास झाकतात, बुरशी मारत नाहीत, आणि दोन्ही लहान मुलाच्या पोटात गेल्या तर विषारी. जी-६-पीडी (तांबड्या रक्तपेशींना जपणारं एक विकर) याची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना डांबर गोळ्यांच्या नुसत्या वाफेनेही रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. ऊद-धुपाची धुरी दम्याच्या मुलाला आणखी त्रास देते. कडुनिंबाचा पाला किड्यांसाठी चांगला. बुरशीला त्याचं काही वाटत नाही.

आणि कार्टूनचा वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनेल लावून ओली भिंत झाकणं, हा सध्याचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय. मागे अंधार, ओलावा आणि खायला गोंद. बुरशीला याहून चांगली सोय तुम्ही करून देऊच शकत नाही.

इंग्लंड-आयर्लंडमध्ये राहत असाल तर हिशेब उलटा: तिथे हिवाळ्यात खिडकी रोज थोडा वेळ उघडा, हीटिंग कमी का होईना पण सतत ठेवा, आणि ओले कपडे रेडिएटरवर टाकू नका.

दुरुस्ती कधी आणि कोणी

कायमचा इलाज बाहेरून होतो आणि तो पाऊस संपल्यावर. मुंबईतून मान्सून सरासरीने ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो. त्यानंतर ऑक्टोबर हीटचा फायदा घ्या. खरवडलेली भिंत खिडक्या उघड्या ठेवून चांगली सुकू द्या. हात लावून कोरडी वाटली तरी पेंटरला ओलावा मोजायचं मीटर आणायला सांगा. आधी बाहेरच्या भेगा भरणं, मग आतली पुट्टी, प्रायमर आणि शेवटी बुरशीरोधक रंग. हा रंग कोरड्या भिंतीवर चांगला टिकतो. ओल्या भिंतीवर पुढच्या पावसात पोपडे. नुसतं आतून वॉटरप्रूफिंग करून देणाऱ्यांपासून सावध राहा, भिंतीतलं पाणी मग दोन फूट बाजूला फुटतं.

खर्च कोणाचा यावरून सोसायट्यांत भांडणं होतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम. घरातल्या संडास-मोरीची, सिंकची गळती त्या-त्या सभासदाची. त्यामुळे वरच्यांच्या बाथरूममधून पाणी येत असेल तर खर्च वरच्यांचा, गच्चीतून येत असेल तर सोसायटीचा. नीळ टाकून केलेली चाचणी इथे कामाला येते. भाड्याच्या घरात असाल तर हेच सगळं घरमालकाला लेखी कळवा.

अर्ज भर पावसात करा, डाग ओला असतानाच. तारीख दिसेल असे फोटो, दोन-तीन पावसांनंतरचे, जोडा आणि सेक्रेटरीकडून प्रतीवर पोच घ्या. दिवाळीनंतर भिंत सुकते, डाग फिका पडतो आणि कमिटीला आता काही घाई वाटत नाही. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीला मे उजाडतो, पण परांची बांधून करायच्या कामाला मे हा फार उशीर: कारागीर गावी गेलेले असतात आणि उरलेल्यांचे भाव चढलेले. नोव्हेंबरच्या सभेतच विषय घ्यायला लावा, काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकलं पाहिजे.